ग्रहणाआधीचा शेवटचा वाफा

आत्याबाई, कावळा शिवला नाही.

तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल म्हणून मी सांगते. दहाव्याला आम्ही सगळे गोदावरीवर गेलो होतो. कावळे कमी नव्हते. शेजारच्या लोकांनी पान ठेवलं न ठेवलं तोच त्यांच्या पिंडाला शिवले. तुमच्या पानाजवळ एक आला, मान वाकडी करून बघितलं आणि उडून गेला. यांनी हात जोडले. "आई, कांचनची काळजी करू नको. तिला चालती करू आम्ही." नाही आला. तुमचे भाऊ पुढे झाले. "अक्का, जमिनीवरून कुणी भांडणार नाय, शब्द देतो." नाही आला. ऊन चढलं. कुणीतरी म्हणालं, तिला करंजी आवडायची, करंजी ठेवा. मिठाईवाल्याकडून करंजी आणून ठेवली. गुरुजी घड्याळाकडं बघायला लागले. मागून कुणीतरी मला कोपर मारलं, "सुमन, तू बोल की. सून हायेस ना तू?"

माझ्या घशाशी आलं होतं. पण एवढ्या पुरुषांत मी कधी बोलले आहे? पदर तोंडाशी धरला आणि उभी राहिले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. म्हणाले, चालतं, शास्त्रात आहे.

शास्त्रात असेल. घरी येईपर्यंत मला मात्र पाठीमागून कुणीतरी येतंय असं वाटत राहिलं.

अजून वाटतं. सकाळी फुलांच्या वावरात गेले की बांधाकडं बघायची हिंमत होत नाही. तिथं तुम्ही उभ्या असायच्या, दोन्ही हात पदराखाली घेऊन. थंडी असो, ऊन असो, हात पदराखाली. आम्ही वाकून झेंडू खुडायचो, तुम्ही वरून सांगायच्या, "त्या सरीला कळ्या राहू दे. ती मोठी फुलं आधी घे." निंदायला तुम्ही पुढे, पाणी भरायला पुढे, माळा ओवायला बसलात तर तुमचा दोरा सगळ्यांच्या आधी संपायचा. पण फूल खुडायचं म्हटलं की हात पदराखाली. विचारलं तर म्हणायच्या, "नखं दुखतात माझी." मला राग यायचा. माळ्याच्या घरात जन्म गेला आणि आता नखं दुखतात. आत्याबाईंना बांधावर उभं राहून मुकादमी करायची आहे, असं मी मनात म्हणायचे. तोंडावर कधी म्हटलं नाही. तोंडावर मी काहीच म्हणायचे नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

आत्याबाई, मला ती सकाळ लिहायची आहे. आपण दोघी तिच्याबद्दल कधीच बोललो नाही. आपल्या घरात ती भिंतीसारखी उभी होती, दोघी तिच्या दोन बाजूंनी स्वयंपाक करायचो.

दिवाळीतलं ग्रहण. लक्ष्मीपूजन झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रहण आणि पुढं पाडवा. पाडव्याला गाड्यांना हार लागतात, दुकानांना तोरणं लागतात, वर्षाचा बाजार त्या दोन दिवसांत. पण ग्रहणात खुडलेलं फूल कोण घेणार? देवाला चालत नाही, गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं. म्हणून तुम्ही सगळ्यांना अंधारातच उठवलं. मला पाचवा महिना होता. मी तुमच्याबरोबरच खुडत होते, तुम्ही सारख्या आभाळाकडं बघत होतात. पाट्या भरल्या. मी कंबर धरून उभी राहिले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "अजून येळ हाय. तेवढा वरचा वाफा घे खुडून, मग घरात जाऊन पड. ग्रहण सुटंस्तोवर हलायचं नाय, काडी मोडायची नाय."

मी वरच्या वाफ्यात गेले. फुलं मोठी होती, भराभर येत होती. मग ऊन कसंतरी झालं. ढग आल्यासारखं नाही. आजारी माणसाच्या तोंडावर असतं तसं पिवळट, फिकं. पाखरं गप्प झाली. मी पाटी डोक्यावर घेऊन खाली आले तर तुम्ही बांधावर उभ्या होतात. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. माझ्या हातांकडं बघितलं. नखांत झेंडूचा हिरवा रस भरला होता. तुम्ही पाटी उतरवून घेतली आणि एवढंच म्हणालात, "हात धू. लवकर हात धू."

त्या पाटीतली फुलं तुम्ही बाजारात जाऊ दिली नाहीत. उकिरड्यावर ओतलीत. यांनी विचारलं तर म्हणालात, अळी पडली होती.

कांचन आठव्या महिन्यातच झाली. एवढीशी होती. लगेच रडली नाही. मग कावीळ झाली, काचेच्या पेटीत ठेवली. घरी आणली तेव्हा तिला आधी तुम्ही हातात घेतलंत, मग माझ्याकडं दिलीत. दीड वर्षाची झाली तरी बसेना. पाय कातरीसारखे एकमेकांवर चढायचे, अंगठा मुठीच्या आत. भांडं पडलं तरी सगळं अंग ताठ. नाशिक रोडला मुलांचे डॉक्टर होते, त्यांच्याकडं आम्ही दोघं घेऊन गेलो. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, सेरेब्रल पाल्सी. मला ते धड बोलता येईना म्हणून त्यांनी कागदावर मराठीत लिहून दिलं. म्हणाले, मेंदूच्या एका भागाला इजा झाली आहे. ही इजा वाढत जाणार नाही, पण भरूनही येणार नाही. औषधानं बरं होण्यातलं नाही. व्यायामानं, सवयीनं जेवढं करून घेता येईल तेवढं करून घ्यायचं. "पोरगी हुशार आहे. डोळे बघा तिचे. ती सगळं ऐकते आहे."

यांनी विचारलं, "कशानं झालं?" डॉक्टर म्हणाले, लवकर जन्मली, वजन कमी, उशिरा रडली, कावीळ झाली. यातलं एखादं असेल, सगळं मिळून असेल, किंवा पोटात असतानाच काही झालं असेल. पुष्कळ मुलांमध्ये शेवटपर्यंत नक्की कळत नाही.

मग मी बोलले. परक्या माणसासमोर माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "डॉक्टर, ग्रहणानं होतं का?"

ते हसले नाहीत, आत्याबाई. मला वाटलं होतं हसतील. म्हणाले, "नाही बाई. सावलीनं मेंदूला इजा होत नाही. तुम्ही काही केलं म्हणून हे झालेलं नाही. कुणीच काही केलेलं नाही."

ते वाक्य मी परतीच्या बसमध्ये पाठ करत आले. तुम्हाला सांगायचं म्हणून. संध्याकाळी तुम्ही भाकरी थापत होतात, मी चुलीपाशी बसले आणि सांगितलं. "आत्याबाई, डॉक्टर म्हणाले ग्रहणाचं काही नसतं."

तुमचा हात थांबला. "डॉक्टर होता का तिथं वाफ्यात?"

झालं. मी समजले की वाफ्यात मी होते, तेच तुम्हाला म्हणायचं आहे. तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येक बाईला तुम्ही एकच सांगायच्या, "ग्रहणाचं हाय हे." बाई माझ्याकडं बघायची. तुम्ही चुलीकडं बघायच्या. आणि माझ्या जिभेवर येऊन बसायचं, तुम्हीच पाठवलं होतं मला. रोज यायचं. रोज मी ते घासाबरोबर गिळायचे.

पण त्याच तुम्ही कांचनला कडेवर घेऊन माझ्याबरोबर व्यायामाला शहरात यायच्या. बसमधल्या बायका तुम्हाला घाबरायच्या. एकदा एक बाई आपल्या शेजारून उठून पुढं जाऊन बसली. म्हणाली, "पोलिओ हाय का? लागट असतं का हो?" तुम्ही म्हणालात, "लागट असतं तर आधी मला नसतं लागलं? दिवसभर माझ्याच कडेवर असती. बसा, बसा, तुमचं लुगडं वाकडं व्हायचं नाय." सगळी बस हसली. दुसरीनं विचारलं, आईबाप नात्यातले का? तिसरीनं विचारलं, लस टोचल्यानं झालं का? डोक्यानं कमी आहे का? कांचन तेव्हा चार वर्षांची. तिचं बोलणं लांबत, अडखळत यायचं, तुमच्याशिवाय कुणाला कळायचं नाही. ती काहीतरी म्हणाली आणि तुम्ही खळखळून हसलात. "काय म्हणते?" बाईनं विचारलं. "म्हणते, ही मावशी परीक्षा घ्यायला आलीय का?"

व्यायामाच्या ताई सांगायच्या, पाय हळूहळू ताणा, झटका देऊ नका, तेलानं पाय सरळ होणार नाहीत पण तेल लावून ताण दिलात तर तिला बरं वाटेल. तुम्ही ऐकून घेतलंत आणि घरी आल्यावर म्हणालात, "कालची पोर मला पाय चोळायला शिकवती." दुसऱ्या दिवसापासून अगदी तसंच करायला लागलात. रोज दुपारी जेवणं झाली की घोंगडी, तिळाचं तेल, आणि कांचनचे पाय तुमच्या मांडीवर. ती तुम्हाला चिडवायची, "आजी, तुझे दात कुठं गेले?" "तुझ्या पायात गेले चावून चावून." ती हसली की अंग ताठ व्हायचं, मग तुम्ही थांबायच्या, सैल होऊ द्यायच्या, पुन्हा सुरू.

शाळेवरून मात्र आपलं वाजलंच. मी म्हणत होते शाळेत घालू. बोलत नव्हते, पण यांच्याकडून बोलवून घेत होते. तुम्ही नाही म्हणालात. "पोरं हसतील. ढकलतील. माझ्या डोळ्यापुढं राहू दे." शेवटी शाळेचे गुरुजी घरी आले, सुताराकडून तिच्यापुरती खुर्ची करून घेतली, पुढं फळी, कमरेला पट्टा. पहिल्या दिवशी तुम्हीच घेऊन गेलात आणि शाळा सुटेपर्यंत वर्गाच्या दाराशी बसून राहिलात. गुरुजी म्हणाले, आजी, तुम्ही घरी जा आता. तुम्ही म्हणालात, "का? मला येत नाय का पाढे?" आज ती सहावीत आहे. माझ्यापेक्षा दोन यत्ता पुढं.

आणि मग दुसरं ग्रहण. धाकटीच्या वेळचं. मला पुन्हा दिवस गेले तेव्हा मी आतून गोठून गेले होते. दुसरंही असंच होईल का, हा प्रश्न मला बायका विचारायच्या, आणि मी डॉक्टरांना. ते म्हणाले, तसं समजायचं कारण नाही, पहिल्यापासून नीट तपासणी करत राहू, बाळंतपण मोठ्या दवाखान्यात करू. सगळं केलं. पण दिव्यांच्या अवसेला संध्याकाळी ग्रहण होतं आणि त्या दिवशी तुम्ही कुणाचं ऐकलं नाही. मला आतल्या खोलीत आडवं केलं, खिडकीला गोधडी लावली, आणि स्वतः पायाशी बसलात, माझ्या घोट्यावर हात ठेवून. बाहेर ढग इतके होते की ग्रहण लागलं कधी, सुटलं कधी, काही कळलं नाही. तुमचा हात गार होता. मी पाय जरा हलवला की तुम्ही दाबून धरायच्या. मला तो हात पहाऱ्यासारखा वाटला. आता वाटतं, तुम्ही मला धरलंच नव्हतं. बुडणारा माणूस धरतो तसं काहीतरी धरलं होतं.

धाकटी चांगली झाली. पूर्ण दिवसांची, रडत आली, वर्षाच्या आत चालायला लागली. ती अंगणात पहिल्यांदा धावली तेव्हा तुम्ही माझ्याशेजारी उभ्या होतात. हळूच म्हणालात, "बघ. पाळलं तर कसं झालं."

त्या वाक्यानं मला जेवढं लागलं तेवढं दुसऱ्या कशानं लागलं नाही. डॉक्टरांचं पाठ केलेलं वाक्य होतं माझ्याकडं. पण धाकटी समोर धावत होती आणि कांचन ओसरीवर तिच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवायला बघत होती, हाताला हात लागत नव्हता. मी आत गेले. तुम्ही बराच वेळ अंगणात उभ्या राहिलात. तुमच्याकडं वळून बघितलं असतं तर बरं झालं असतं.

दहाव्याहून परत आल्यावर येवल्याच्या मावशी, तुमच्या धाकट्या बहीण, माझ्याबरोबर मोरीपाशी भांडी घासायला बसल्या. तुम्हाला माहीत आहे त्या कशा, हातानं काम आणि तोंडानं बोलणं. त्या दिवशी गप्प होत्या. मग एकदम म्हणाल्या, "ह्यांनी काय काय सांगितलं कावळ्याला. करंजी काय, जमीन काय. तिच्या जीवात काय अडकलं होतं ते एकालाबी ठावं नाय."

"काय होतं, मावशी?"

"फुलाला हात का लावत नव्हती ती?"

"नखं दुखायची."

मावशींनी राखेचा हात कपाळाला लावला. "नखं! अगं, वणीच्या गडावर माझ्याबरोबर आली होती ती, कांचनचं कळलं त्या साली. देवीपुढं म्हणाली, पोर आपल्या पायानं चालत नाय तवर फुलाला नख लावणार नाय. मी म्हटलं, अक्का, येडी का, माळ्याची बाई तू. तर मला म्हणाली, मीच पाठवली होती गं तिला. येळ हाय म्हणाले. माझ्या लोभानं पाठवली. एका वाफ्यापायी."

आत्याबाई, माझ्या हातातलं तांब्याचं भांडं तसंच राहिलं. मावशी पुढं काय बोलल्या मला आठवत नाही.

इतकी वर्षं मी जे गिळत होते, ते तुम्ही रोज ऐकत होतात. मी न बोलता. "ग्रहणाचं हाय हे" असं तुम्ही सगळ्यांना सांगायच्या तेव्हा मी मला बोल लागला म्हणून मान खाली घालायचे, आणि तुम्ही तुमची मान खाली घालायच्या. "डॉक्टर होता का तिथं वाफ्यात?" तुम्ही होतात तिथं. तुम्ही बांधावरून मला येताना बघितलं होतं, त्या पिवळ्या उन्हात. तेच तुम्ही बघत राहिलात. मी पुढं गेले, पोरी वाढवल्या, तुम्ही तिथंच उभ्या राहिलात. आणि धाकटी झाली तेव्हा तुम्हाला पक्कं वाटलं. पाळलं तर कसं झालं. म्हणजे तेव्हा तुम्ही पाळू दिलं असतं तर. मला वाटलं तुम्ही मला टोचता आहात. तुम्ही स्वतःला शिक्षा वाचून दाखवत होतात.

मला तुमचा राग येतो, आत्याबाई. एकदा तरी सांगायचं होतं. मी काय तुम्हाला बोलले असते? बोललेही असते कदाचित. एकदा भांडलो असतो, रडलो असतो, संपलं असतं. आणि राग येता येता डोळ्यांपुढं ते पाय येतात, तुमच्या मांडीवरचे, तेलानं चमकणारे, आणि राग टिकत नाही. डॉक्टर म्हणाले होते, हिचे सांधे आखडले नाहीत, घरात कुणीतरी फार चांगलं करतंय. मी तुम्हाला तेही सांगितलं नव्हतं. आज सांगते.

दुपारी आता मी बसते घोंगडीवर. तेल तेच. पण माझ्या हातात पाय सैल होत नाहीत. काल कांचन म्हणाली, "आई, तू घाई करतेस. आजी आधी नुसता हात ठेवायची." मी नुसता हात ठेवला. बराच वेळ. मग तिचे पाय आपोआप सैल झाले, आणि तिनं माझ्या खांद्यावरून मागं बघितलं आणि हसली. मी वळले नाही.

सुतकात यांनी फुलं बाजारात नेली नाहीत. सगळा झेंडू झाडांवर उमलून उमलून जड झालाय. आज सकाळी कांचन म्हणाली, मला वावरात ने. चाकांची खुर्ची सरीत चालत नाही, म्हणून आम्ही दोघांनी उचलून तिला बांधावर बसवलं. बरोबर तुमच्या जागी. हे पाणी बघायला गेले. ती म्हणाली, "आजी इथं का उभी राहायची? फुलं का नाही खुडायची?"

मी सगळं सांगितलं. ग्रहण, वरचा वाफा, नवस. माझ्या आयुष्यात मी एवढं सलग कुणाशी बोलले नाही. ती ऐकत होती. मग विचारलं तिनं, "मग मी अशी ग्रहणानं झाले?"

"नाही. तू लवकर जन्मलीस, लगेच रडली नाहीस, कावीळ झाली. त्यातलं काहीतरी असेल. नक्की डॉक्टरांनाही माहीत नाही."

"तुझ्यामुळं पण नाही?"

"नाही."

"आजीमुळं पण नाही?"

"नाही, बाळा."

मग तिचं ते लांबत जाणारं हसू आलं. "म्हणजे माझ्यामुळं आजीला इतकी वर्षं खुडायची सुट्टी." मला हसू आलं आणि डोळे भरून आले. मग ती पुटपुटली, मला तिच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला. "मला सांगायचं ना तिनं. मी दिलं असतं खुडून."

तिनं हात पुढं केला. मी झाड वाकवून धरलं. अंगठा मुठीतून बाहेर यायलाच किती वेळ लागला. दोनदा फूल निसटलं. मी मदत करायला गेले तर माझ्यावर ओरडली. तिसऱ्यांदा धरलं आणि अख्खं अंग मागं टाकून ओढलं. फूल आलं, देठ आला, पानं आली, अर्धी फांदी आली. पाकळ्या चुरगळल्या. हाताला हिरवा रस लागला. तिनं तो हात वर करून मला दाखवला.

मी तो धुतला नाही.

ते फूल बांधावर ठेवलं, तुमच्या पायाजवळ जिथं माती दबून कडक झाली आहे तिथं. दुपारी गेले तर नव्हतं. तिकडून शेळ्या जातात, त्यांनी खाल्लं असेल. मी कुणाला विचारलं नाही.

आत्याबाई, घाटावर जे बोलायचं राहिलं ते आता बोलते. तुम्ही मला पाठवलं होतं, ते खरं आहे. मी गेले होते, तेही खरं आहे. त्यानं कांचनला काही झालं नाही. तुमच्यामुळं झालं नाही, माझ्यामुळं झालं नाही. पोर तिच्या पायानं चालली नाही आणि कदाचित चालणारही नाही, पण नवस तिनं तिच्या हातानं सोडवलाय. आता बांधावर उभ्या राहू नका. राहायचंच असेल तर राहा, पण हात पदराखालून बाहेर काढा.

वरच्या वाफ्यातली फुलं उद्या खुडायची आहेत.